खोलीचा आवाज

रबाळे एमआयडीसीत, थर्माकोलच्या कारखान्यावर
माझा स्टुडिओ.
खालचा कॉम्प्रेसर रात्री साडेअकराला थांबतो
आणि पहाटे पाचला परत खोकतो.
हर्षालीचा अख्खा अल्बम त्या मधल्या तासांत झाला,
एकोणीस रात्री,
कधी वडापाव, कधी नुसती काळी कॉफी,
एकदा तिनं डब्यातून आणलेला निवट्यांचा रस्सा.

ती घणसोली गावठाणातली. केणी.
दिवसा ऐरोलीत एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकते,
म्हणून असेल, गाताना कुणाचं ऐकत नाही.
गिटार हप्त्यांवर घेतलेली,
तिसरी तार सतत उतरणारी.
मी म्हटलं, बदल.
ती म्हणाली, राहू दे,
आमच्या घरात सगळ्यांचंच थोडं उतरलेलं असतं.

नऊ गाणी.
एक साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर,
त्यात ड्रमच्या एकेका ठोक्याला
ती सातबाऱ्यावरचा एकेक चुलता खोडते.
एक खाडीपुलाखाली बंद पडलेल्या स्कूटरवर.
सहावं मला अजून सहन होत नाही, फार लांबलंय,
पण ते तिचं लाडकं.
सातव्यासाठी तिला धवला हवा होता,
म्हणून तिनं आत्याला आणलं.

बारकूबाय. धवलारीण.
सत्तरी उलटलेली. चपला दाराबाहेर काढून
केबलींमधून अशी आली
की मिठागराच्या बांधावर आयुष्य गेलंय हे कळावं.
हेडफोन अंबाड्यावर बसेना.
शेवटी उलटा, हनुवटीखालून घातला.
मी क्लिक सुरू केला, ब्याण्णववर.
ती दचकली:
"यो कोन ठोकतंय कानान?"

क्लिक बंद केला.
तिनं खोलीभर नजर फिरवली,
अंड्यांचे ट्रे, काच, काचेपलीकडे मी,
आणि कामाचं तेवढं विचारलं:
"नवरी कोन?"

कुणी नाही गं आत्या, रेकॉर्डिंग आहे.

"नवरीबिगर धवला?
त्यो लागंल कोनाला?"

मग मलाच समज नवरी, हर्षाली म्हणाली.
बारकूबायनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं:
तेहेतीस वर्षं, कापलेले केस,
कल्याणहून दोन बॅगा घेऊन परत आलेली.
"तुझा यकदा गायलाय मी."

बस्स.

लाल दिवा चालू होता.
मी थांबवायला हवं होतं, कदाचित.
एक्केचाळीस सेकंद.
त्यांत काचेच्या बांगड्या,
उठताना वाजलेला गुडघा,
हर्षालीनं ओढलेलं नाक,
आणि खाली, फार खाली,
ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा एक ट्रेलर.

खोलीचा आवाज आम्ही नेहमीच वेगळा घेऊन ठेवतो,
दोन शब्दांमधल्या भेगा बुजवायला.
कुणाच्या लक्षात न येणं
एवढंच त्याचं काम.

साडेचारला ती म्हणाली, सातवं झालं.
मी म्हटलं, गाणं कुठाय?
म्हणाली, वरचं सगळं काढ. गिटारही.
आत्याचं ते वाक्य काढ, ते तिचं आहे.
बांगड्या राहू देत.
मी त्यांच्यामागून चार ओळी म्हणते.

वाक्य मी काढलं.
इथे लिहिलंय, तो माझा अपराध.

चार ओळी तिनं एका दमात म्हटल्या,
कुठलेही दोन ठोके सारखे नाहीत.
ते सरळ करण्यात मी दोन रात्री घालवल्या
आणि मग होते तसे परत ठेवले.

अल्बम आला.
वाशीतल्या एका कॅफेत साठ माणसं,
त्यांतली वीस केणी.
बारकूबाय उशिरा आली. कुणीतरी तिला
फोनवर सातवं लावून दिलं.
तिनं तो उलटाच धरला, हनुवटीपाशी,
आणि शेवटपर्यंत ऐकलं.
माझा आवाज कुठाय, असं विचारलं नाही.
म्हणाली, "यातली यक बांगरी फुटली गो मागल्या हप्त्यान,"
आणि हर्षालीला मनगट दाखवलं.